भोंग्याची ओळ

"ओ मास्तर, परत लाल आलं."

जयरामभाऊ शिरधनकर दारात उभे होते. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, पायात गमबूट, एका हातात पेन ड्राइव्ह आणि दुसऱ्या हातात ती शंभर पानी वही. दुपारच्या बॅचच्या पोरींनी कीबोर्डवरचे हात काढले. एकीने नाकाला ओढणी लावली. कोळंबीचा वास. जयरामभाऊंना तो येत नव्हता. त्यांना कुठलाच वास येत नव्हता, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

"बूट बाहेर," मी म्हणालो. "किती वेळा सांगायचं?"

ते चोपन्न वर्षांचे, मी सव्वीसचा. मी त्यांना अहो-जाहो करायचो, पण आवाज अरे-तुरेचा असायचा.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बंदराच्या रस्त्यावर, बँकेच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. मी कॉलेजात गेलो नाही. सायबर कॅफे सांभाळता सांभाळता, पुस्तकांच्या झेरॉक्सवर शिकलो. मला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे मी कुणालाही कसंही शिकवायला मोकळा आहे असं मला वाटायचं. कुणाचा कोड वेडावाकडा दिसला की माझं डोकं फिरायचं. डस्टर फेकायचो. पोरी मला घाबरायच्या आणि मला ते आवडायचं.

जयरामभाऊ तीन महिन्यांपूर्वी आले होते. फॉर्मवर 'कशासाठी शिकायचे आहे' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'नाकासाठी'.

"हे काय?" मी विचारलं होतं.

त्यांनी मागे वळून बघितलं, दार लोटलं आणि खुर्ची पुढे ओढली. "मास्तर, कुणाला बोलू नका. मी मासळीच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर हाय. तिकडे थंडी करायला अमोनिया फिरतो, पायपातून. विषारी. गळला तर आधी वास येतो. ऑपरेटरचं काम काय, तर अर्ध्या तासानं फेरी मारायची आणि हुंगायचं. जुना कारखाना. आमचं नाक हाच तिकडचा भोंगा."

"मग?"

"माझं नाक मेलंय. आठ वर्षं झाली. त्याच गॅसानं मारलं. परवा घरात दूध करपून कोळसा झालं. बायको विहिरीवरून धावत आली आणि मी चुलीसमोरच बसलेला." ते हसले. मग हसू गेलं. "भाईशेठना कळलं तर उद्या घरी. चार वर्षं राहिली माझी. आणि नाय कळलं तर एक दिवस आत चाळीस बायका असतील, मास्तर, आणि मी बाहेर मीटर बघत बसलेला असेन. पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं, गॅस ओळखणारं बटण मिळतं. पत्त्यांच्या डबीएवढा कॉम्प्युटर मिळतो. पण त्याला सांगायचं कसं ते पायथॉनमध्ये सांगायला लागतं, म्हणे. तेवढं शिकवा."

माणूस चिवट होता. इंग्रजी शब्द चित्रासारखे पाठ केले. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून प्रोग्राम आधी वहीत लिहायचे, पेन्सिलीने.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. पायथॉन ही भाषा कंस-बिंस मागत नाही. कुठली ओळ कुठल्या अटीच्या पोटात आहे, हे ती डावीकडे सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ठरवते. एक पायरी आत म्हणजे चार स्पेस, दोन पायऱ्या म्हणजे आठ. जयरामभाऊंना स्पेस दिसत नसत. दिसत नाही ती गोष्ट मोजायची कशी, हे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी स्वतःचं माप काढलं. वहीच्या समासाला उभं बोट लावायचं आणि बोटापासून लिहायला सुरुवात करायची. एक बोट आत. दोन बोटं आत. पुढे टाइप करतानाही तेच. डावा हात पडद्यावर, बोटं काचेला चिकटलेली, आणि उजव्या हाताने स्पेसबार दाबत राहायचं, ती लुकलुकणारी रेघ, म्हणजे कर्सर, बोटाआडून बाहेर येईपर्यंत. पोरी तोंडात रुमाल कोंबायच्या. मीही हसायचो, आणि लपवायचो नाही.

पण प्रोग्राम चालला. पाच खोल्यांत पाच बटणं लागली, छपरावर जुन्या बोटीचा भोंगा चढला. भाईशेठ म्हणजे मालक, त्यांनी आधी कुरकुर केली आणि फुकटात होतंय म्हटल्यावर फोटो काढून घेतले. गॅस वाढला की भोंगा वाजायचा आणि भाईशेठच्या मोबाइलवर मेसेज जायचा.

मग त्या गुरुवारी लाल आलं, म्हणजे पडद्यावर चूक दाखवणारी लाल ओळ.

"काय केलंत?" मी पेन ड्राइव्ह लावत विचारलं.

"मी कशाला काय करतोय? भाईशेठ चिडले. काल दुपारी दोन वाजता ऑइल सोडताना जरा गॅस सुटला, मेसेज गेला, त्यांची झोप मोडली. म्हणाले, दीड ते साडेतीन मला मेसेज नको. म्हणून एक अट घातली. आता सगळंच बंद पडलंय. भोंगा पण. सकाळपासून. भाईशेठ बोलले, आज संध्याकाळपर्यंत चालू नाय झालं तर ती पेटी समुद्रात टाक."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत मी दर दहा मिनिटांनी गंधकाची काडी पेटवून पायपावरून फिरवतोय. गॅस असला की पांढरा धूर होतो. काड्यांचा अर्धा पुडा संपला, मास्तर. बोटं भाजली."

मी फाइल उघडली आणि माझं डोकं फिरलं. कुठे तीन स्पेस, कुठे पाच, कुठे मध्येच टॅब. आजारी माणसाच्या दातांसारख्या ओळी.

"हे काय आहे? माणसाने लिहिलंय का हे?"

"अर्धं इकडे टायपलं, अर्धं हापिसात. हापिसातला पडदा मोठा हाय. तिकडे बोटाचं माप बदलतं, नाय?"

पोरी फिस्सकन हसल्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "शिरधनकर, बोटाने जाळी विणतात. कोड नाही लिहीत."

ते पण हसले. त्यांना राग येत नसे. म्हणजे मला तसं वाटायचं.

मी भराभर ओळी सरळ केल्या. टक टक टक. प्रोग्राम अगदी साधा होता. प्रत्येक खोलीचं बटण वाच. गॅस पंचवीसच्या वर असेल तर, त्याच्या पोटात, आठ स्पेसवर, आधी नोंद लिही. मग नवी अट, ती पण आठवर: भाईशेठ जागे असतील तर. तिच्या पोटात, बारावर: मेसेज कर. आणि शेवटी भोंगा वाजव.

भोंग्याची ओळ दहा स्पेसवर होती.

ना आठ, ना बारा. लाल तिथेच आलं होतं. यंत्र म्हणत होतं, ही ओळ वरच्या कुठल्याच ओळीच्या रांगेत बसत नाही. तेवढंच म्हणतं ते. कुठे बसवायची ते सांगत नाही. दोन स्पेस इकडे घ्या नाहीतर तिकडे, लाल जाणारच.

"मास्तर," जयरामभाऊ वही चाळायला लागले, "त्या ओळीचं मला जरा विचारायचं व्हतं…"

"वही मिटा."

"नाय, वहीत मी लिवलंय की…"

"वही काय बघायची? वही चालते का? आधी हे चालू होऊ दे."

त्यांनी वही मिटली. भोंग्याच्या ओळीच्या वरची ओळ बारावर होती. मी स्पेसबार दोनदा दाबला. ओळ तिच्याखाली सरळ गेली, छान दिसली. लाल गेलं.

"दोन मिनिटं," मी पोरींना म्हणालो. "ह्याला म्हणतात डिबगिंग."

संध्याकाळी पाच वाजता मी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेलो. खरं म्हणजे जायची गरज नव्हती, पण भाईशेठ बघणार होते आणि मला ते हवं होतं. पाळी सुटली होती. कोळंबी सोलणाऱ्या बायका हातमोजे काढून नळावर हात धूत होत्या. जयरामभाऊ अमोनियात बुडवलेला कापूस चिमट्यात धरून चिल रूमच्या दारात उभे राहिले. चिल रूम म्हणजे माल गोठवण्याआधी ठेवायची थंड खोली, जाड दाराची.

"जयरामदादा, तुमच्या त्या पेटीला नाकपुड्या हायत काय?" एक बाई ओरडली. द्वारका. पस्तिशीची, लांब हाताची, कपाळावर गोंदलेलं. सगळ्या कारखान्यात जयरामभाऊंची फिरकी घेणारी ती एकटीच. "शिंकते काय ती?"

"तूच धर कापूस. बघ शिंकते की नाय."

"द्या हिकडे. मी काय घाबरतेय?"

तिने चिमटा घेतला, तोंड एका बाजूला वळवून हात लांब केला आणि बटणासमोर धरला. एक, दोन, तीन. छपरावरून बोटीचा भोंगा असा काही कोकलला की नळावरच्या बायका किंचाळून अंगणात पळाल्या आणि मग एकमेकींवर पडून हसत राहिल्या. भाईशेठचा मोबाइल वाजला. त्यांनी मेसेज वाचला आणि टाळी वाजवली.

"जल्लं मेलं ते," द्वारका कानावर हात ठेवून म्हणाली. "माझ्या कानांचे पडदे गेले, दादा. आता भरपाई म्हणून मला रोज पान द्यायचं."

"दोन देतो."

जयरामभाऊंचे डोळे भरले होते. ते माझ्याजवळ आले. "मास्तर, आज आठ वर्षांनी झोप लागंल." मग जरा घुटमळले. "त्या ओळीचं एक…"

"वाजला ना भोंगा?"

"वाजला."

"मग? चालतंय त्याला हात लावायचा नाही. हा पहिला नियम."

"बरं," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास क्लासमधली एक पोरगी धावत वर आली. तिची काकी कारखान्यात होती. "सर, गॅस गळला. सगळ्या बायका रस्त्यावर हायत. द्वारकामावशीला जिल्ह्याला नेली."

"भोंगा?" मी विचारलं.

"कसला भोंगा? भोंगा वाजलाच नाय."

त्या दोन दिवसांत मी काय केलं ते मला चांगलं आठवतंय. मी जयरामभाऊंना शिव्या घातल्या. मनात नाही, मोठ्याने, पोरींसमोर. म्हणालो, परत काहीतरी बोट घातलं असणार ह्या माणसाने. मी चालू करून दिलेलं. माझ्यासमोर वाजलेलं.

सोमवारी भाईशेठनी बोलावलं. फाटकातच भेटले. चेहरा उतरलेला, पण शर्टला इस्त्री. "घाग, सरकारी साहेब आलेत. तुला कॉम्प्युटरमधलं कळतं. तू एवढंच सांगायचं, प्रोग्राम त्याने लिहिलाय आणि चूक त्याची आहे. कारखान्याचा संबंध नाही."

"मी बघितल्याशिवाय काही सांगणार नाही," मी म्हणालो. काय ताठ होतो मी. तोवर माझी खात्री होती ना.

ऑफिसात टेबलाच्या पलीकडे साहेब बसले होते. बारीक, शांत माणूस, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. भिंतीजवळच्या बाकावर जयरामभाऊ. मांडीवर वही. तीन दिवसांची दाढी. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, बरं झालं आलात, अशी.

"यंत्राने नोंदी ठेवल्यात," साहेब म्हणाले. "त्या वाचा जरा. मोठ्याने."

डबीएवढ्या कॉम्प्युटरला आमच्या क्लासातल्याएवढा पडदा जोडला होता. मी नोंदी उघडल्या आणि वाचायला लागलो.

"शनिवार. चिल रूम. दोन वाजून अकरा मिनिटं, एकेचाळीस. दोन बारा, ब्याऐंशी. दोन पंधरा, एकशे नव्वद…" माझा आवाज बारीक झाला. "दोन वीस, चारशेच्या वर. दोन एकतीस…"

"दोन एकतीसला काय झालं, शिरधनकर?"

"द्वारकानं दार उघडलं," जयरामभाऊ म्हणाले. "जेवणाची सुट्टी संपली व्हती. बर्फ घ्यायला गेली. जाड दार, साहेब, बाहेर वास नाय आला. उघडलं तसा सगळा गॅस तोंडावर. मी कॉम्प्रेसरवर व्हतो. किंचाळी ऐकून धावलो. ती जमिनीवर बसून डोळे चोळत व्हती. पाणी मारलं. पायप धरून मारलं. पण डोळे…" त्यांनी हाताने काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला आणि हात खाली घेतला. "दोन्ही पांढरे झालेत. डॉक्टर बोलले, गेले."



"म्हणजे यंत्राला वीस मिनिटं माहीत होतं," साहेब म्हणाले. "लिहून ठेवत होतं. मग ओरडलं का नाही? तेवढं मला दाखवा."

मी प्रोग्राम उघडला.

खाली जायची गरजच नव्हती, सगळा एका पडद्यावर मावत होता. गॅस पंचवीसच्या वर असेल तर. नोंद लिही. भाईशेठ जागे असतील तर. मेसेज कर. आणि त्याच्याखाली, बरोबर त्याच्याखाली, एका रेषेत, छान: भोंगा वाजव.

बारा स्पेस.

 मी पुन्हा मोजल्या. बारा. भाईशेठ जागे असतील तरच भोंगा. दीड ते साडेतीन भाईशेठ झोपायचे. द्वारकाने कापूस धरला तेव्हा पाच वाजले होते आणि भाईशेठ समोर उभे राहून टाळ्या वाजवत होते.  स्पेसबारचा आवाज आला मला. टक टक. खरंच आला.

"सापडलं?" साहेबांनी विचारलं.

"ही ओळ…" मी बोट दाखवलं.  "ही भोंग्याची ओळ मेसेजच्या अटीच्या आत गेलीय. त्यामुळे दुपारी दीड ते साडेतीन भोंगा वाजणार नाही."

भाईशेठ खुर्चीत मागे टेकले. "बघा. मी सांगत होतो. माझा काय संबंध? हा मनाने काहीही करतो."

जयरामभाऊ बाकावरून उठले. पडद्याजवळ आले, वाकले. डावा हात वर केला आणि काचेला बोटं लावली. एक, दोन, तीन. तीन बोटांनंतर भोंग्याची ओळ सुरू होत होती. ते तसेच वाकून राहिले. मग वही उघडली, पान काढलं आणि समासाला बोटं लावली. एक, दोन.

"वहीत दोन हायत," ते हळू म्हणाले. "मी दोनच लिवलेली."

साहेबांनी चष्मा लावला. "मग इथे तीन कशी झाली?"

जयरामभाऊंनी माझ्याकडे बघितलं. संशय नव्हता त्या नजरेत. मी आजवर कितीतरी वेळा ती नजर आठवून त्यात संशय शोधलाय. नव्हता. वर्गात मुलगा बघतो तसं बघत होते.

"मास्तर, गुरुवारी मी तुमच्याकडे आणली तेव्हा भोंग्याची ओळ किती बोटं व्हती?"

भाईशेठ माझ्याकडे बघत होते. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. मला सांगता आलं असतं, की अडीच. अडीच बोटं होती, ना धड इकडे ना तिकडे, आणि मी विचारलं नाही. एवढं एक वाक्य.

"तीन," मी म्हणालो. "तीनच होती. आत. मी फक्त बाकीच्या स्पेस सरळ केल्या."

"तीन," जयरामभाऊ म्हणाले. त्यांनी स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरली. काडीने भाजलेली, चट्टे पडलेली.  "मग टायपताना माझंच बोट चुकलं."

"लिहून देता तसं?" साहेबांनी विचारलं.

"देतो. आणखी पण एक लिवून घ्या, साहेब." ते ताठ उभे राहिले. "माझं नाक मेलंय. आठ वर्षं. मला वास येत नाय. मी ते लपवलं. पेटी लागायच्या आधी मी दर अर्ध्या तासानं दारं उघडून काडी फिरवायचो. पेटी लागली आणि मी दुपारची फेरी बंद केली. ते पण माझंच."

भाईशेठ उठून उभे राहिले. "आठ वर्षं! आणि मी तुझ्या भरवशावर…" ते ओरडत राहिले. साहेब लिहीत राहिले. मी तिथे बसून दोन पानांचा अहवाल टाइप केला. 'सदर त्रुटी ही नवशिक्या व्यक्तीने अंतराचे भान न ठेवल्याने झालेली आहे.' वाक्य मला सहज सुचलं. खाली सही केली. सगळ्या ओळी सरळ होत्या.

जिन्यात जयरामभाऊंनी मला गाठलं. त्यांना त्याच क्षणी कामावरून काढलं होतं. गमबूट कारखान्याचे, म्हणून ते अनवाणी होते.

"मास्तर, रागावू नका. तुमचं नाव खराब झालं माझ्यामुळे."

मी एक पायरी खाली उतरलो.

"ही तुमच्याकडे ठेवा." त्यांनी वही पुढे केली. "मला आता काय करायची? पोरांना दाखवा. सांगा, एकाची वही बरोबर व्हती, पण टायपताना त्यानं वहीकडे बघितलं नाय. तेवढ्यात एका बाईचे डोळे गेले. दाखवाल ना?"

मी वही घेतली. ती घेताना माझा हात अजिबात थरथरला नाही, हे लिहून ठेवतो.

घरी जाऊन ते पान काढलं. पेन्सिलीचं अक्षर, शाळेतल्यासारखं गोल. प्रत्येक ओळीच्या डावीकडे बोटांच्या फिकट रेघा. भोंग्याच्या ओळीसमोर दोन. आणि बाजूला, समासात, लाल पेनाने लिहिलेलं: 'भोंगा सगळ्यांसाठी. झोपेची अट ह्याला लावायची नाही. हापिसातल्या पडद्यावर जागा नीट कळत नाही. गुरुवारी मास्तरांना विचारणे.'

खाली बरोबरची खूण नव्हती. विचारून झालेल्या प्रत्येक प्रश्नाखाली ते खूण करत. मी सगळी वही चाळली. बाकी सगळ्या ठिकाणी होती.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी जेट्टीच्या रस्त्याने येत होतो. समोरून जयरामभाऊ आले. ते आता जाळी दुरुस्त करायला बसायचे. त्यांच्या दंडाला धरून द्वारका चालत होती. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात पान. दर गुरुवारी तेच तिला दवाखान्यात नेतात, हे मी ऐकलं होतं. तिचा नवरा बोटीवर असायचा. गुरुवारी मी त्या रस्त्याने जात नसे. त्या दिवशी विसरलो.

"मास्तर!" त्यांनी लांबूनच हाक मारली. पळायला जागा नव्हती.

"खड्डा हाय, द्वारका, डावीकडून," ते म्हणाले. मग दोघं माझ्यासमोर थांबली. "हे बघ, हे माझे मास्तर. घाग मास्तर. मला शिकवलं ते ह्यांनीच."

"ते व्हय?" द्वारका हसली. दात रंगलेले. "दादा लय बोलतात तुमच्याबद्दल. बोलतात, मास्तरांनी नीट शिकवलेलं, माझीच अक्कल कमी पडली. मी बोलते, आसंल, पण आता रोज दोन पानं सुटायची नायत हां, दादा."

ती हसली, ते हसले. मग तिने जयरामभाऊंचा दंड सोडला, पदर सारखा केला आणि दोन्ही हात जोडले. "नमस्कार, मास्तर."

तिचा अंदाज थोडा चुकला होता. नमस्कार माझ्या उजव्या बाजूला, वीतभर लांब, लाइटच्या खांबाला चालला होता.

जयरामभाऊ मान खाली घालून तिची काठी उघडत होते. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

मी अर्धं पाऊल उजवीकडे सरकलो, तिच्या हातांच्या बरोबर समोर उभा राहिलो, आणि नमस्कार घेतला.